व्होल्ट, अँपिअर आणि जळालेली मोटार
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाला बोंडं धरायच्या वेळी पावसानं ओढ दिली, की आपण विहिरीकडे धावतो. विहिरीत दोन पाळ्यांपुरतं पाणी असतं. बटण दाबलं की मोटार नुसती घुमते, थोडं पाणी फेकते आणि जळका वास सुटतो. रिवाइंडिंगवाल्याकडे मोटारींची रांग लागलेली. तो म्हणतो, चार दिवसांनी या. तोवर पातेगळ होऊन जाते. विचारायला गेलो तर उत्तर मिळतं, "तुमची मोटारच जुनी आहे." आणि आम्ही गप्प बसतो. कारण आमच्याजवळ हिशेब नसतो.

कापूस काट्यावर घातला की आम्ही काट्याकडे डोळे लावून उभे राहतो. वीज मात्र न मोजता घेतो. आज तो हिशेब करायला शिकू. चौथीतला गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

तीन शब्द लक्षात ठेवा. व्होल्ट म्हणजे दाब, टाकी जितकी उंच तितका दाब. अँपिअर म्हणजे धार, तारेतून किती वीज वाहते ते. आणि रोध म्हणजे अडवणूक, पाइप अरुंद असला की पाणी अडतं तसं. जर्मनीतल्या ओहम नावाच्या एका शिक्षकानं १८२७ साली यांचं नातं मांडलं: व्होल्टला अँपिअरनं भागा, रोध मिळतो. तो ओहममध्ये मोजतात. आणि व्होल्टला अँपिअरनं गुणा, शक्ती मिळते. ती वॅटमध्ये. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट.

घरातली कॉइलची शेगडी घ्या. २३० व्होल्टवर १,००० वॅटची. हजारला २३० नं भागलं, ४.३५ अँपिअर आले. २३० ला ४.३५ नं भागलं, सुमारे ५३ ओहम रोध आला. आता दाब उतरून १६० व्होल्ट झाला. कॉइल तीच, रोध तोच. १६० भागिले ५३ म्हणजे ३ अँपिअर. १६० गुणिले ३ म्हणजे ४८० वॅट. दाब तीस टक्के उतरला आणि शेगडी निम्म्याहून खाली आली. भाकरी भाजायला उशीर होईल, पण शेगडी जळणार नाही.

मोटारीचं उलटं आहे. शेगडी मिळेल तेवढं खाते. मोटारीच्या मानेवर मात्र पाण्याचं ओझं असतं. दाब कमी झाला तरी ते ओझं उचलायचंच, म्हणून ती धार जास्त ओढते. पाच हॉर्सपॉवरची मोटार पाहा. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे मोटारीचं काम ३,७३० वॅटचं. आतली घट धरून ती साधारण साडेचार हजार वॅट घेते. थ्री-फेजचा हिशेब असा: व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले १.७३ गुणिले पॉवर फॅक्टर, तो ०.८५ धरू. ४१५ व्होल्टवर ७.४ अँपिअर येतात. दाब ३२० वर आला की तेवढ्याच कामाला जवळपास ९.६ अँपिअर लागतात.

आता खरी गोम ऐका. वाइंडिंगमधली उष्णता म्हणजे अँपिअर गुणिले अँपिअर गुणिले रोध. धार तीस टक्के वाढली, पण उष्णता जवळपास १.७ पट झाली. मोटार जुनी होती म्हणून जळाली की दाब नव्हता म्हणून जळाली, ते या गुणाकारात दिसतं.

पण सगळा दोष दुसऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. आपल्या वायरीकडेही पाहू. खांबापासून विहीर ३०० मीटर, आणि स्वस्त पडते म्हणून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली. एका तारेचा रोध २.२ ओहम. ७.४ गुणिले ७.४ गुणिले २.२, अशा तीन तारा: ३६० वॅट. म्हणजे अर्धा हॉर्सपॉवर विहिरीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच तापून जातो. तीच केबल ६ चौरस मिलिमीटरची असती तर दीडशे वॅटवर भागलं असतं.

सैल जोडही असाच. जोडाच्या दोन बाजूंना ४ व्होल्टचा फरक आणि धार ८ अँपिअर, म्हणजे रोध अर्धा ओहम आणि उष्णता ३२ वॅट. रेडिओ दुरुस्तीची सोल्डरची कांडी २५ वॅटची असते. स्टार्टरमध्ये तुम्ही पेटती कांडीच ठेवली आहे! ही मोजणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. चालू लाइनला हात लावून शहाणपण शिकायचं नाही. आणि ट्रिप होतो म्हणून ओव्हरलोड रिले बांधून ठेवायचा नाही, तो मोटारीचा राखणदार आहे.

कोणी म्हणेल, एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारनं माफ केलं, आता हिशेब कशाला? भावांनो, बिल माफ झालं. रिवाइंडिंग माफ झालं नाही. सुकलेलं पीक माफ झालं नाही. आणि फुकट मिळतं म्हणून मोडकं घ्यावं, असंही नाही. १९५६ च्या वीज नियमांतच दाबाचा चढउतार सहा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं होतं. ४१५ चे सहा टक्के वजा केले की ३९० राहतात.

तेव्हा गावी गेल्यावर एक काम करा. एका डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून एक क्लॅम्प मीटर आणि एक वही घ्या. वहीत तारीख, वेळ, तिन्ही फेजचे व्होल्ट आणि अँपिअर लिहा. ज्वारीचं रान भिजवायला रात्री गेलात तर रात्रीचीही नोंद करा. व्होल्ट ३९० च्या खाली आणि अँपिअर मोटारीच्या पाटीवरच्या आकड्याच्या वर गेले, की मोटार बंद करा. पंधरा दिवसांची वही झाली की तिची नक्कल अर्जाला जोडा आणि पोच घ्या.

"लाइट बरोबर नाही" या तक्रारीला उत्तर देणं सोपं आहे. "अमुक तारखेला, रात्री दोन वाजता, ३२० व्होल्ट" याला उत्तर द्यावं लागतं. पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावानं आपली वही आणावी, एवढीच विनंती.