नवशिक्याची चूक कशी सांगावी



गावाकडची पाणंद कुठून फुटते, ओढ्यावरची फरशी पावसाळ्यात केव्हा पाण्याखाली जाते, देवळामागच्या वाटेने नुसती बैलगाडी जाते की ट्रॅक्टरही जातो, हे आपल्याला कोणी शाळेत शिकवलेले नसते. जाता-येता ते कळलेले असते. आज मी ज्या नकाशाविषयी बोलणार आहे, तो अशाच जाता-येता कळलेल्या माहितीवर उभा आहे. मात्र माझा मुख्य विषय नकाशा हा नाही. नकाशा काढायला नुकत्याच बसलेल्या माणसाची चूक झाली, तर ती त्याला कशी सांगावी, हा माझा विषय आहे.

या नकाशाचे नाव ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने तो सुरू केला. कल्पना अगदी साधी. ज्याला जो भाग ठाऊक आहे, त्याने तो संगणकावर किंवा मोबाईलवर काढावा, आणि सर्वांनी मिळून केलेला हा नकाशा सर्वांना विनामूल्य वापरता यावा. इंटरनेट नसतानाही मोबाईलवर वाट दाखवणारी काही ॲप्स याच नकाशाच्या आधाराने चालतात. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भीषण भूकंप झाला, तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा तपशीलवार नकाशा मदत करणाऱ्यांच्या हाताशी नव्हता. जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून, आकाशातून घेतलेली छायाचित्रे पाहून, थोड्याच दिवसांत तिथले रस्ते, पडलेल्या इमारती आणि तंबूंच्या छावण्या काढून दिल्या. मदत-पथकांनी तो नकाशा वापरला.

परंतु आकाशातल्या छायाचित्राला मर्यादा आहे. त्यात रस्ता दिसतो. रस्त्याचे नाव दिसत नाही. ओढा दिसतो, तो चैत्रात कोरडा पडतो की नाही, ते दिसत नाही. आठ-दहा घरे दिसतात. तिला वाडी म्हणतात की वस्ती, आणि कोणाची वस्ती म्हणतात, हे दिसत नाही. ते सांगायला तिथलाच माणूस लागतो. आणि तिथला माणूस पहिल्यांदा हे काम करायला बसला की चुकतोच.

आता या चुका तपासतो कोण? इथे वर कोणी साहेब बसलेला नाही. जे काम करतात, तेच एकमेकांचे काम पाहतात. कोणी काही बदल केला की त्याची नोंद होते: कोणत्या खात्याने केला, केव्हा केला, काय बदलले. एका बैठकीतले असे सगळे बदल एकत्र जतन होतात. त्या गठ्ठ्याला चेंजसेट म्हणतात. त्याखाली कोणालाही दोन ओळी लिहिता येतात. जुनी स्थिती जपून ठेवलेली असते, त्यामुळे चुकीचा बदल मागे घेता येतो. म्हणजे इथली चूक ही दगडावरची रेघ नव्हे. बिघडलेली रेघ पुन्हा काढता येते. मन मात्र एकदा उडाले की ते परत आणणे अवघड. हे मी ऐकीव सांगत नाही. हा अपराध माझ्या हातून घडलेला आहे.

मी या नकाशाचे काम चार-पाच वर्षे करत होतो. आमच्या तालुक्यात कोणी काही बदल केला की संध्याकाळी तो पाहायचा, अशी सवयच जडली होती. एके दिवशी एका नव्या खात्यावरून एक रस्ता काढलेला दिसला. गावापासून मळ्यातल्या एका वस्तीपर्यंत तो गेला होता. मी पाहिले, तर तीन चुका. रस्ता डांबरी सडकेपर्यंत आणला होता, पण सडकेला जोडलेला नव्हता. एवढ्याशा वाटेला राज्यमार्गाचा प्रकार दिला होता. आणि नावाच्या जागी लिहिले होते, "आमच्या वस्तीचा रस्ता". शिवाय माझ्यासमोरच्या छायाचित्रात तिथे नुसता शेताचा बांध दिसत होता. मी बदल रद्द केला आणि खाली लिहिले: "चुकीचे काम. असा रस्ता नाही. आधी नियम वाचा." अर्ध्या मिनिटाचे काम. माझ्या मते मी नकाशाचे रक्षण केले होते.

त्यानंतर आठ महिन्यांनी आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर त्याच गावी लागले. पहिल्याच दिवशी मुलांना घेऊन मी वस्तीकडे निघालो, तो पायाखाली चांगला सिमेंटचा रस्ता! मी थबकलो. सोबत गावच्या शाळेतले गुरुजी होते. ते सहज म्हणाले, "सर, पावसाळ्याआधीच झाला बघा हा रस्ता. आमच्या शाळेतली एक मुलगी, आता अकरावीला आहे, तिनं तो कसल्याशा नकाशात काढलापण होता. पण वरच्या कुणा साहेबानं पुसून टाकला. तेव्हापासून पोरगी त्या नकाशाचं नावच काढत नाही."

श्रोतेहो, तो वरचा साहेब मीच होतो. मी ज्या छायाचित्रावर विसंबलो होतो, ते जुने होते. रस्ता नवा होता.

मी गुरुजींना खरे ते सांगितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना शिबिरात घेऊन आले. मी तिची क्षमा मागितली. ती संकोचली, आणि मग तिने विचारले, "म्हणजे रस्ता खोटा नव्हता ना, सर?"

मी म्हटले, "रस्ता खरा होता, बाळ. सडकेला जोड तेवढा राहिला होता."

"एवढंच होतं, तर तेव्हाच सांगायचं की, सर."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते; आजही नाही. आम्ही तिथेच लॅपटॉप उघडला. पंधरा मिनिटांत तिने स्वतःच्या हाताने रस्ता पुन्हा काढला, सडकेला जोडला, योग्य तो प्रकार निवडला. मग मी न सांगता ओढ्याचे नाव लिहिले, तो उन्हाळ्यात आटतो हे नोंदवले आणि फरशी कुठे आहे ते दाखवले. नियम मला ठाऊक होते, रस्ता तिला ठाऊक होता. नियम पंधरा मिनिटांत शिकवता आले. रस्ता मात्र घरी बसून मला कितीही पुस्तके वाचून कळला नसता. म्हणून नवशिक्याला दुखवून घालवला, तर तोटा नकाशाचाच होतो.

तेव्हापासून मी स्वतःला काही शिस्त लावून घेतली आहे. तीच आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, निर्णय देण्याआधी विचारावे. ज्याने रेघ काढली, तो त्या ठिकाणी उभा असण्याचा संभव आहे, आपण नाही. "असा रस्ता नाही" म्हणण्यापेक्षा "हा रस्ता नवा झाला आहे काय?" असे विचारले, तर आपली चूक असल्यास तीही झाकून जाते.

दुसरी गोष्ट, जे चांगले झाले ते नेमके सांगावे. "छान, छान" म्हणून काही साधत नाही. "हा भाग आजवर कोरा होता, तुमच्यामुळे वस्ती नकाशावर आली," असे सांगितले म्हणजे माणसाला कळते की आपले काम कोणीतरी खरोखर पाहिले आहे.

तिसरी गोष्ट, एका वेळी एकच चूक सांगावी, फार तर दोन. त्यातही, जिच्यामुळे वाटसरूची फसगत होईल ती आधी. सडकेला न जोडलेला रस्ता ही मोठी चूक. कारण वाट दाखवणाऱ्या यंत्राला तिथे वळताच येत नाही, ते दुसरीकडून फेरा घालायला लावते. नावाच्या जागी वर्णन लिहिले, ही लहान चूक; ती पुढच्या आठवड्यात सांगितली तरी चालते.

चौथी गोष्ट, चूक काय ते सांगून थांबू नये. दुरुस्ती कशी करायची ते सांगावे आणि दुरुस्ती त्यालाच करू द्यावी. पाटी हातातून ओढून घेऊन गणित सोडवून दिले, तर मुलाला गणित येत नाही. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना हे मी सांगायला नको.

पाचवी गोष्ट, त्याच्या भाषेत लिहावे. मराठी माणसाने मराठी वस्तीविषयी मराठी माणसाला तुटक इंग्रजीत तंबी का द्यावी?

आता त्या वेळी मी काय लिहायला हवे होते, ते वाचून दाखवतो:

"नमस्कार. वस्तीचा रस्ता काढल्याबद्दल आभार. हा भाग आजवर कोराच होता. माझ्याकडच्या छायाचित्रात तिथे बांध दिसतो. रस्ता नवा झाला आहे काय? आपण तिकडून जाता-येता काय? आणखी एक. रस्ता सडकेपर्यंत आला आहे, पण सडकेला जोडलेला नाही. रेघेचा शेवटचा बिंदू धरून सडकेच्या रेघेवर नेऊन सोडला की तो जुळतो. जमले नाही तर कळवा, मिळून करू."

यास पाच मिनिटे लागली असती. आणि हे लिहून झाल्यावर चार-आठ दिवस वाट पाहावी. खेड्यातला विद्यार्थी रोज संगणकापुढे बसत नसतो.

यावर कोणी म्हणेल, "असे गोड बोलत बसलो, तर नकाशाचा बट्ट्याबोळ व्हायचा!" शंका रास्त आहे. काही चुका थांबू शकत नाहीत. चुकून गावाचे नावच पुसले गेले, किंवा चालू रस्ता ओढला जाऊन नदीत गेला, तर ते लगेच पूर्ववत करावे. कोणी दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून पाहून उतरवले असेल, तर तेही काढावे लागते. कारण परवानगीवाचून दुसऱ्याच्या नकाशावरची माहिती इथे घेता येत नाही. पण तेव्हाही आधी दुरुस्ती करून मागोमाग कारण लिहावे, आणि चोरीचा शब्द काढू नये. नवख्याला हा नियम बहुधा ठाऊकच नसतो. मुद्दाम खोडी काढणारे असतात, नाही असे नाही. पण प्रत्येक नव्या माणसाकडे त्याच नजरेने पाहिले, तर अंगणात कोणी पाऊलच टाकणार नाही.

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गात मुलांच्या जोड्या कराव्या. एकाने आपल्या घरापासून शाळेपर्यंतची वाट आधी कागदावर काढावी, दुसऱ्याने ती तपासून दोन ओळी लिहाव्या. मग त्या दोन ओळी तपासणाऱ्यानेच मित्रासमोर मोठ्याने वाचाव्या. जे वाचताना जीभ अडखळते, ते खोडावे. तोंडावर जे बोलवत नाही, ते लिहूही नये. हा धडा मुलांना नकाशाबाहेरही उपयोगी पडेल. वहीवर लाल शाई वापरणाऱ्या आम्हा मंडळींनाही तो पडेल.

आणि जे नव्याने हे काम करू इच्छितात, त्यांनाही एक शब्द. बदल जतन करताना आपल्याला ही माहिती कशी आहे ते लिहावे: "मी या रस्त्याने रोज शाळेला जातो." एवढ्या एका वाक्याने तपासणाऱ्याचा हात आवरतो. माझे काम कोणीतरी तपासावे, अशी विनंती करण्याचीही तिथे सोय आहे. ती अवश्य वापरावी. आणि माझ्यासारखा एखादा उतावळा भेटलाच, तर रुसून बसू नये. "मी तिथेच राहतो, येऊन पाहा," असे त्याला बजावावे.

त्या मुलीने आता शेजारच्या दोन वस्त्यांचे रस्ते घातले आहेत. परवा तिच्या कामात एक चूक दिसली. मी लिहिले, तिने उत्तर दिले. आणि चूक माझीच निघाली.