दर्यापार गेलेल्यांचा माग
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



४ जुलै १८२५ या दिवशी नॉर्वेच्या स्टाव्हांगर बंदरातून ‘रेस्टॉरेशन’ नावाचे एक लहानसे गलबत अमेरिकेकडे निघाले. त्यावर ५२ माणसे होती. ९ ऑक्टोबरला ते न्यूयॉर्कला लागले तेव्हा ती ५३ झाली होती. कारण वाटेत लार्स लार्सेन गाइलाने यांच्या पत्नीने एका कन्येला जन्म दिला होता. नॉर्वेतून संघटितपणे झालेले हे पहिले स्थलांतर. त्यानंतरच्या शंभर वर्षांत सुमारे ८ लाख माणसे त्या देशातून अमेरिकेस गेली. १८०१ च्या जनगणनेत नॉर्वेची एकूण लोकसंख्याच ९ लाखांच्या आत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

ही माणसे केवळ पोटासाठी निघाली नव्हती. लार्स लार्सेन युद्धकाळात इंग्रजांच्या कैदेत असताना क्वेकर पंथाकडे वळले होते आणि नॉर्वेत राजमान्य ल्यूथरन चर्चखेरीज अन्य पंथीयांना जाच सोसावा लागे. त्यांच्यासाठी आधी अमेरिकेत जाऊन जागा पाहून आला तो क्लेंग पेअर्सन. न्यूयॉर्कला पोचताच नवे संकट उभे राहिले. गलबताच्या आकारमानाच्या तुलनेत प्रवासी फार जास्त आणल्याबद्दल ते जप्त झाले व जबर दंड झाला. अखेर नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी माफी दिली. मंडळी प्रथम न्यूयॉर्क राज्यात ऑन्टारियो सरोवराकाठी आणि १८३४ पासून इलिनॉयमधील फॉक्स नदीकाठी वसली.

आता प्रश्न असा, की या ५३ जणांचे पुढे काय झाले, त्यांचे वंशज कोठे आहेत, हे शोधायचे कसे? पहिली अडचण नावाची. जुन्या नॉर्वेत घराण्याचे स्थिर आडनाव बहुसंख्य शेतकऱ्यांना नव्हतेच. लार्सचा मुलगा ओले असेल तर तो ओले लार्सेन; त्या ओलेचा मुलगा मात्र ओल्सेन. मुलगी असेल तर लार्सदात्तेर, म्हणजे लार्सची कन्या. त्यापुढे ज्या शेतवाडीवर बिऱ्हाड असेल तिचे नाव लागे आणि वाडी बदलली की तेही बदले. सर्वांनी कायमचे कुलनाम धारण करावे असा कायदा झाला तो १९२३ मध्ये. मराठी माणसाला ही रीत अगदीच परकी वाटू नये. स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव आणि गावाला ‘कर’ जोडून झालेले आडनाव, ही आपली रचना त्याच विचारातून आली आहे. फरक एवढाच, की आपला ‘कर’ गाव सुटल्यावरही सुटत नाही.

अमेरिकेत गेल्यावर या नावांची आणखी रूपांतरे झाली. कोणी वडिलांचे नाव कायम केले, कोणी वाडीचे. कोणी इंग्रजी जिभेला सोपे पडेल तसे ते वळवले. गलबतावर जन्मलेल्या कन्येचे नाव मार्गारेट ॲलन ठेवले गेले. लग्नानंतर ती श्रीमती ॲटवॉटर झाली. ते नाव वाचून तिचे आईबाप स्टाव्हांगरचे होते असे कोणाच्या मनात येईल? रास्मुस अँडरसन या अभ्यासकाने हयात प्रवाशांकडून व त्यांच्या मुलांकडून माहिती मिळवून १८९५ मध्ये या पहिल्या स्थलांतराचा इतिहास प्रसिद्ध केला. आणखी वीस वर्षांचा उशीर झाला असता, तर सांगणारे कोणीच उरले नसते.

दुसरा आधार कागदाचा. नॉर्वेतील धर्मोपदेशक आपल्या परगण्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या ठेवीत. १८१२ च्या सुमारास या वह्यांना ठराविक नमुना आला. गाव सोडून जाणाऱ्यांसाठी व नव्याने येणाऱ्यांसाठी त्यांत वेगळे रकाने होते. वहीची दुसरी प्रत चर्चचा सेवक ठेवी. आग लागली तर दोन्ही जळू नयेत म्हणून त्या रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत, असा दंडक होता. त्या साध्या नियमामुळे कित्येक घराण्यांचा धागा तुटला नाही. पुढे १८६५ च्या जनगणनेत प्रत्येकाचे जन्मस्थान नोंदले गेले आणि त्याच दशकापासून मोठ्या बंदरांतले पोलीस परदेशी जाणाऱ्यांची नावे लिहू लागले. १९९८ पासून नॉर्वेच्या शासकीय अभिलेखागाराने हे दप्तर संगणकावर सर्वांना विनामूल्य खुले करण्यास आरंभ केला.

अधिकाऱ्यांचा माग तुलनेने सोपा असतो; कारण त्यांच्या नेमणुका, पगार व पत्रव्यवहार सरकार जपते. पण तेथेही एक पेच आहे. १८१४ पर्यंत नॉर्वे आणि डेन्मार्क एकाच राजाच्या अमलाखाली होते. त्यामुळे नॉर्वेच्या अधिकाऱ्याचे कागद कोपनहेगनमध्ये आणि त्याची कर्मभूमी भलतीकडेच. असा एक अधिकारी थेट मराठी राज्याच्या शेजारी येऊन राहिला होता. नॉर्वेच्या फ्रेड्रिकशाल्ड येथे १७४४ मध्ये जन्मलेले पीटर आंकर हे १७८८ ते १८०६ या काळात तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीचे गव्हर्नर होते. ही वसाहत १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकांशी झालेल्या करारातून उभी राहिली. पुढे तंजावर भोसल्यांकडे आल्यावर तिचा वार्षिक नजराणा त्या मराठी दरबारी जाऊ लागला. आंकर यांनी दक्षिणेतील देवळांची व स्थळांची जलरंगात चित्रे काढली, वस्तू जमवल्या. तो संग्रह आज ऑस्लोच्या संग्रहालयात आहे. आंकर तरंगंबाडीत असतानाच, १८०३ मध्ये, सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. आंकर आणि सरफोजी दोघांचेही निधन १८३२ मध्ये झाले. राजाने आपली वंशकथा दगडावर लिहिली, गव्हर्नराची सरकारी दप्तरात राहिली. त्या बंदरातल्या हमालांची आणि कोळ्यांची कोठे राहिली?

हाच प्रश्न महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी कुटुंबांनाही लागू आहे. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे गेलेल्या घराण्यांचे कागद बहुधा मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे नातू थोडे. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावे सापडतात. पण त्यांत लेकींचा उल्लेख क्वचित. जुन्या नॉर्वेत स्त्री विवाहानंतरही लार्सदात्तेरच राही, म्हणून तिचे माहेर शोधता येते. आपल्याकडे लग्नात वडिलांचे नाव व आडनाव बदलते, पुष्कळदा पहिले नावही बदलते आणि आजीचे माहेर दोन पिढ्यांत विसरले जाते.

अशा वेळी शाळेचे जनरल रजिस्टर मोलाचे ठरते. मुलीचे जन्मनाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थान एका ओळीत, शाई वाळलेल्या अक्षरांत तेथे असते. साठ वर्षांची ती रजिस्टरे म्हणजे या शहरातील मराठी वस्तीची वंशावळच होय. नॉर्वेतील त्या दंडकाप्रमाणे त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत असली पाहिजे, हे काम याच वर्षी व्हावे. आणि माजी विद्यार्थ्यांनी घरी जाऊन एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: मूळ गाव, ते सोडल्याचे साल, सोडण्याचे कारण आणि आजीचे माहेरचे नाव. सांगणारे वडीलधारे आज घरात आहेत, तोवर हा कागद पुरा होऊ शकतो.