गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे दिवस
(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेले भाषण)



गुडघ्यावर बोलायचे आणि बोलावले बँकेतल्या कारकुनाला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ते रास्तच आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध औषधाच्या बिलापुरता. परंतु आमच्या काउंटरवर दर नोव्हेंबर महिन्यात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. आता हा दाखला घरबसल्या मोबाईलवरूनही देता येतो. तरी पुष्कळांना बँकेची पायरी चढल्याशिवाय आणि चार ओळखीची माणसे भेटल्याशिवाय आपण हयात आहोत असे वाटत नाही. आमच्या शाखेला सात पायऱ्या आहेत. तीच माणसे त्याच पायऱ्या वर्षातून एकदा चढताना पाहिली म्हणजे कोणाचा गुडघा कुठवर आला आहे, हे डॉक्टर नसतानाही कळते.

यात आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. गेल्या वर्षी कठडा धरून, धापा टाकत चढणारे एखादे गृहस्थ यंदा ऑपरेशननंतर सरळ चालत येतात. दुसऱ्या एखाद्या बाईंचे ऑपरेशन तेच, खर्च तेवढाच, पण पाय अर्धवट वाकलेला आणि चेहरा ओढलेला. हे असे का, म्हणून आम्ही विचारीत गेलो. पुढे आमच्या आईच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि तो प्रश्न आमच्या घरातच राहायला आला. डॉक्टरांनी आणि व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी जे सांगितले, आम्ही जे वाचले आणि पाहिले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहोत.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'गुडघा बदलला' असे आपण म्हणतो, त्यामुळे अख्खा सांधा काढून नवा बसवला असे वाटते. तसे नसते. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक यांवरची कूर्चा झिजून हाडावर हाड घासू लागलेले असते. तो झिजलेला भाग तासून वर धातूची टोपी, खाली धातूची बैठक आणि दोहोंच्या मधे मजबूत प्लास्टिकचा तुकडा बसवतात. स्नायू, शिरा, कातडी ही मात्र आपलीच, जुनीच राहतात. ऑपरेशननंतर जे दुखते ते या कापलेल्या, ताणलेल्या, सुजलेल्या मांसामुळे आणि तासलेल्या हाडामुळे. धातू बिचारा दुखत नाही.

आजच्या धर्तीचा कृत्रिम गुडघा १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये घडला. तो घडवणाऱ्यांत डॉ. चित्तरंजन राणावत हे भारतात जन्मलेले शल्यविशारद होते. याच डॉ. राणावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याचे आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन केले. त्या दिवसांत वर्तमानपत्रे गुडघ्याने भरलेली असत आणि हे ऑपरेशन सामान्य माणसाच्या कानावर पहिल्यांदा पडले ते तेव्हाच. परंतु ते त्याच्या खिशाच्या बाहेरचे होते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने या साहित्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमी वापरला जाणारा जो सांधा दीड लाखाच्या पुढे विकला जात होता, त्याची कमाल किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरवण्यात आली. डॉक्टर, खोली, औषधे यांचा खर्च वेगळा. तरीही त्यानंतर आपल्या वस्तीतूनही ही ऑपरेशने होऊ लागली. मुदत ठेवी मोडायला येणारी मुले 'आईचा गुडघा' असे कारण सांगू लागली, हे आम्ही काउंटरवर बसून पाहिले आहे.

म्हणूनच तळमळीने सांगावेसे वाटते. पैसा उभा करण्यात घर सगळी शक्ती लावते, ऑपरेशन पार पडले की सुटकेचा श्वास टाकते, आणि खरे काम तेथून पुढे सुरू होते हे कोणी सांगितलेलेच नसते. डॉक्टर दीड-दोन तासांत सांधा बसवतात. तो वाकणार किती आणि सरळ होणार किती, हे पुष्कळसे पुढच्या सहा आठवड्यांत घरच्या खाटेवर ठरते.

आणि येथेच आमच्या आयाबायांचा स्वभाव आडवा येतो. आमच्या पिढीच्या आयांनी जन्मभर सोसले. शेतात सोसले, बांधकामावर सोसले, बाळंतपणात सोसले. दुखते असे म्हणणे हा त्यांना कमीपणा वाटतो. शेजारच्या एक मावशी ऑपरेशननंतर घरी आल्या. गोळ्यांचे पाकीट उशाशी तसेच पडलेले. विचारले तर म्हणाल्या, "एवढ्या गोळ्या कशाला रे बाबा? सवय लागंल. सोसतंय मला." सोसत होते हे खरे; पण पाय हलवला की कळ येते म्हणून त्या पाय हलवतच नव्हत्या. निजून राहिले म्हणजे सोसायला सोपे जाते. महिन्याभरात गुडघा आखडला.

वेदना शांत करायची ती आराम मिळावा म्हणून तर खरीच, पण त्याहून अधिक पाय हलवता यावा म्हणून. गोळी घेतली तर व्यायाम होतो, व्यायाम झाला तर सूज उतरते, सूज उतरली तर गोळी कमी होते. हे चक्र उलटे फिरू लागले की सावरणे फार कठीण जाते.

इस्पितळात पाठीत इंजेक्शन देऊन किंवा मांडीजवळची शीर बधिर करून ऑपरेशन होते. त्यामुळे पहिले काही तास रुग्ण हसतखेळत असतो. मग बधिरपणा उतरतो, बहुधा रात्रीच, आणि अचानक वेदना उसळते. घरची माणसे घाबरतात, काहीतरी बिघडले म्हणतात. बहुतेक वेळा बिघडलेले काही नसते, पण नर्सला ताबडतोब सांगावे. वेदना शून्य ते दहापैकी किती, असे विचारतात. तेव्हा भिडेखातर 'दोन' म्हणू नये. सात असेल तर सात सांगावे. बँकेत चुकीची रक्कम लिहून दिली तर पैसेही चुकीचेच मिळतात.

घरी आल्यावर गोळ्या घड्याळाप्रमाणे घ्याव्यात. दुखणे असह्य झाल्यावर घेतलेली गोळी उशिरा आणि थोडी लागू पडते. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी एक गोळी पडेल असे वेळापत्रक डॉक्टरांना विचारून बसवावे. मुख्य औषध बहुधा पॅरासिटामॉल असते. ते क्रोसिन, डोलो, कालपोल अशा अनेक नावांनी मिळते, आणि दुसऱ्या वेदनाशामकाबरोबर एकाच गोळीत मिसळलेलेही असते. एक सुनेने दिली, एक मुलाने दिली, नावे वेगळी म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही, असे होता कामा नये. निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्या. वजन कमी असेल किंवा यकृताचा विकार असेल तर त्याहूनही कमी. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नयेत. मूत्रपिंड, पोटातला व्रण, रक्तदाब यांचा त्रास असणाऱ्यांना त्या महागात पडतात. ट्रॅमाडॉलसारखी जोरदार गोळी थोड्या दिवसांसाठीच देतात. मावशींची सवयीची भीती अगदीच खोटी नव्हती, पण तिचा उपाय डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ती हळूहळू कमी करणे हा आहे. त्या गोळीने मळमळते, चक्कर येते आणि पोट साफ होत नाही. पाणी, पालेभाजी, डॉक्टरांनी सांगितले तर इसबगोल हेही उपचाराचेच भाग समजावेत; चार दिवस शौचाला न झालेला माणूस व्यायाम करीत नसतो.

बर्फ हे स्वस्त औषध आहे. टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः व्यायामानंतर ठेवावा. जखम ओली होऊ देऊ नये. आपल्याकडे दुखले की शेक आणि तेल, ही परंपरा. ताज्या जखमेच्या सुजलेल्या गुडघ्यावर दोन्ही नको. मालिश करणारी बाई कितीही हुशार असली तरी तिला चहा पाजून परत पाठवावे.

आता उशीविषयी. ही गोष्ट लहान, पण आम्हांला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते. मायेने घरातले कोणीतरी ती सरकवतेच. परंतु त्यामुळे गुडघा किंचित वाकलेलाच राहतो आणि तसाच बसतो. मग चालताना माणूस लंगडतो, मांडीचे स्नायू लवकर थकतात. उशी घ्यायची ती टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्याच वजनाने सरळ होतो. त्रास होतो, होऊ द्यावा. बँकेच्या पायऱ्यांवर पाय अर्धवट वाकवून चढणारी जी माणसे आम्ही पाहिली, त्यांतल्या कित्येकांनी चौकशीत याच उशीची हकीगत सांगितली.

व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, त्यांचे नाव मोठे असले तरी व्यायाम साधे असतात. पावले वरखाली करणे. गुडघा खाली दाबून मांडी आवळणे आणि पाच अंक मोजणे. टाच गादीवरून सरकवत आपल्याकडे आणणे. खुर्चीवर बसून पाय मागे नेणे. ऑपरेशनच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात, त्या वेळी 'आज नको' म्हणू नये. साधारण दोन-तीन आठवड्यांत पाय काटकोनापर्यंत वाकावा असा प्रयत्न असतो. खुर्चीतून उठायला आणि जिना चढायला तेवढा वाक लागतोच. एका निवृत्त एस.टी. चालकांची कथा ऐकण्यासारखी आहे. चार मुली, चारही प्रेमळ. पाण्याचा पेलाही हातात. व्यायामात वडील ओरडले की मुलींच्या डोळ्यांत पाणी, आणि व्यायाम बंद. शेवटी त्यांना पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवावा लागला. हा उपाय पहिल्या तीन महिन्यांत केला तर अधिक लागू पडतो. ते वेळेवर गेले म्हणून निभावले.

मात्र याचा अर्थ जितके जास्त तितके चांगले असाही नाही. व्यायामाने थोडा वेळ दुखणे चालेल, पण दुसऱ्या दिवशी गुडघा अधिक सुजला तर आदल्या दिवशी जास्त झाले, असे समजून मात्रा उतरवावी.

जिन्यासाठी ध्यानात ठेवावे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. वॉकर सुटून काठी आली की ती ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. हे बहुतेक जण उलटे करतात.

रात्री झोप लागत नाही, चिडचिड होते, तिसऱ्या आठवड्यात तर 'उगाच केले' असे प्रत्येकजण म्हणतो. आमची आईही म्हणाली. सूज आणि गुडघ्याचा ऊबदारपणा काही महिने राहतो, आतून टक् असा आवाज येतो, व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते. यांत भिण्यासारखे नाही. पण पोटरी दुखून सुजली, धाप लागली, छातीत दुखले, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. शिरेत रक्ताची गाठ होणे आणि सांध्यात जंतू जाणे, ही या ऑपरेशनची दोन खरी भये आहेत. मधुमेह असणाऱ्यांनी साखर आधीपासूनच ताब्यात आणावी, ती याचसाठी.

पूर्ण बरे वाटायला वर्षही लागते. आणि सगळे नीट करूनही पाचातल्या एखाद्याला हवे तसे समाधान मिळत नाही, हेही ऑपरेशनपूर्वीच माहीत असलेले बरे. सांधा टिकतो किती? सांधेबदलाच्या नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभरातील सुमारे ८२ सांधे २५ वर्षे टिकलेले दिसले. तेव्हा साठीतल्या माणसाने तो जन्मभराचाच समजून वागवावा. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे सोडावे. घरात कमोड नसेल तर ऑपरेशनच्या आधी कमोडची खुर्ची आणावी. विहारात वंदनेला खुर्चीवर बसायला आपल्या ज्येष्ठ मातांना संकोच वाटतो, म्हणून त्या घरी राहतात किंवा हट्टाने खाली बसतात. मागच्या भिंतीला नव्हे, पुढच्या रांगेत आठ-दहा खुर्च्या ठेवल्या तर तो संकोच जाईल, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीला करीत आहोत.

विद्यार्थी मित्रांनो, या सगळ्यात तुमचे काम मोठे आहे. घरात कमावती माणसे दिवसभर बाहेर असतात. आजीजवळ असता ते तुम्ही. शंभर पानी वही घ्या. गोळीची वेळ, तिचे आतले औषध, बर्फ किती वेळा, व्यायाम किती वेळा, दुखणे दहापैकी किती, हे रोज लिहा. आमच्या आईची वही आमच्या नववीतल्या मुलीने लिहिली. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी आईला काही न विचारता आधी ती वहीच वाचली.

आणखी एक. तीन महिन्यांनी वॉकर आणि कमोडची खुर्ची माळ्यावर जाते व गंजत पडते. ज्यांच्या घरी अशा वस्तू असतील त्यांनी त्या मंडळाच्या कार्यालयात आणून द्याव्यात, म्हणजे गरजूंना नोंद करून वापरायला देता येतील. आमच्याकडचा वॉकर आम्ही येताना घेऊन आलो आहोत. तो दारापाशी ठेवला आहे. त्याचे एक रबरी बूट झिजले आहे, तेवढे नवीन बसवावे लागेल.