किहीम ते बर्लिन, पाठीवर सॅक लावून

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला विषय दिला होता, 'सोसायटीच्या हिशोबाची पंचवीस वर्षं'. मी बरीच वर्षं खजिनदार होतो म्हणून. पण तो हिशोब ऑडिटरच्या सहीनिशी तुम्हाला दरवर्षी मिळतोच, आणि जेवणाआधी आकडे ऐकवून कोणाची भूक मारायची माझी इच्छा नाही. तेव्हा दुसराच एक हिशोब सांगतो. २०१९ च्या जूनमध्ये आपल्या सोसायटीतले चार म्हातारे पाठीवर सॅक लावून बर्लिनला गेले आणि नऊ रात्री हॉस्टेलमध्ये राहून आले, हे तुम्हाला माहीत आहे. फोटो ग्रुपवर आले होते. फोटोत न आलेली एक गोष्ट मात्र आम्ही चौघांनी दडवून ठेवली होती. ती आज भाऊंची परवानगी घेऊन सांगतो. भाऊ पहिल्याच रांगेत बसलेत, आणि त्यांची ताईसुद्धा बसली आहे. ताई, शेवटपर्यंत ऐक, मग काय बोलायचं ते बोल.

आधी बर्लिनच का, ते सांगतो. लोक पॅरिसला जातात, स्वित्झर्लंडला जातात. आम्हाला बर्लिन सुचलं ते किहीममुळे. पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली आपल्या या गावात राहिले होते हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं, पण ते इथे का आले हे फारसं कोणी सांगत नाही. ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरीला होते. तिथून रजा घेऊन बर्लिनला गेले, तिथल्या विद्यापीठाच्या प्राणी संग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान या मोठ्या पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले आणि १९३० साली परत आले, तर नोकरीच गेलेली. पैसे नाहीत म्हणून जागाच रद्द! वय तेहतीस, शिक्षण बर्लिनचं, हातात काम नाही. तेव्हा ते पत्नीसह किहीमला येऊन राहिले. इथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. रोज बसून बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं की सुगरणीचा नर घरटं अर्धंच बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर तो ते पुरं करून देतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे कोणी नीट मांडलेलं नव्हतं. बेकारीच्या दिवसांत, आपल्या किहीममध्ये झालेलं काम आहे हे.

तर एका संध्याकाळी सुरूच्या बनात बसलो असताना आमचे मास्तर म्हणाले, "ते बर्लिनहून किहीमला आले. आपण किहीमहून बर्लिनला जाऊ." झालं, ठरलं.

मास्तर म्हणजे तुम्हा सगळ्यांचे मास्तर. दुसरे भाऊ, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. तिसरे साहेब, वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर. चौथा मी, तेव्हा सत्तरीचा. टूर कंपनीबरोबर जायचं नाही, हे पहिल्या दिवशी ठरलं. सकाळी साडेसहाला बॅगा दाराबाहेर, पंधरा मिनिटं फोटो, मग पुन्हा बस, हे आमच्यापैकी दोघांनी आधी भोगलं होतं. हॉटेल चौघांना नऊ रात्री परवडणारं नव्हतं. पेन्शनवर परवडणारं तर नाहीच. उरलं हॉस्टेल.

हॉस्टेल म्हटल्यावर घरोघरी काय झालं ते सांगत नाही, वेळ कमी आहे. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, मी पैसे देतो, पण पोरांच्या खोलीत बंकवर झोपू नका." त्याचं चुकलं नाही. पण त्याच्या पैशाने गेलो असतो तर ती त्याची सहल झाली असती. मी आणि मास्तर तरुणपणी युथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या ट्रेकना हिमाचलात गेलो होतो, त्यामुळे बंकची भीती नव्हती. आणि ही कल्पना मुळात जर्मनीचीच. १९०९ साली रिशार्ड शिरमान नावाचा एक शाळामास्तर मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला असताना वादळात सापडला आणि एका शाळेत त्यांनी रात्र काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तर हिंडणाऱ्या मुलांना तिथे झोपायला का देऊ नये, असं त्याच्या डोक्यात आलं, आणि पुढे आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल निघालं. शाळामास्तराची कल्पना म्हटल्यावर आमचे मास्तर हट्टालाच पेटले.

भाऊंच्या ताईने मात्र अट घातली. भाऊंना मधुमेह, उजव्या गुडघ्याचं दुखणं आणि कानाला यंत्र. ती मला म्हणाली, "काका, तुम्ही जबाबदारी घेत असाल तरच सोडते." मी म्हटलं, घेतली. बँकेत चौतीस वर्षं मी लोकांना बजावत आलो की जामीन राहताना कागद वाचून सही करा. स्वतः मात्र न वाचता सही केली.

व्हिसा, विमा वगैरे सोपस्कार पार पडले. शेंगेन व्हिसासाठी कमीत कमी तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, एवढं इच्छुकांनी लक्षात ठेवा. मांडव्याची लाँच पावसाळ्यासाठी बंद झालेली, म्हणून एसटीने वडखळमार्गे पनवेल आणि तिथून विमानतळ. चोंढी नाक्यावर कंडक्टरने विचारलं, "काका, गिर्यारोहण का?"

आमचं हॉस्टेल ओस्टक्रॉइट्झ स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. आठ बंकांची खोली, मुलं-मुली एकत्र. हे वाचलं होतं, पण वाचणं वेगळं! पहिल्या रात्री मास्तर लेंगा बदलायला बाथरूममध्ये गेले ते ओली जमीन बघून अर्धा तास लेंगा हातात धरून उभे. चादर-उशीचे अभ्रे आपले आपण घालायचे, लॉकरला कुलूप आपलं आणायचं, निघताना अभ्रे काढून टोपलीत टाकायचे. आमच्या वाट्याला दोन खालचे, दोन वरचे बंक आले होते. खोलीत पोलंडच्या दोन मुली होत्या. भाऊ शिडीकडे बघत उभे राहिलेले त्यांनी पाहिले. एक शब्द न बोलता दोघींनी आपलं सामान खालून उचलून वर टाकलं. चौथ्या दिवसापासून त्याच मुली सकाळी आमच्याकडे चहा मागायला यायच्या. चहात आलं घालायचं असतं हे त्यांना मास्तरांनी शिकवलं.

स्वयंपाकघर सगळ्यांचं एक. फ्रिजमधल्या पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहायची. जाणारा माणूस उरलेला तांदूळ, मीठ, तेल एका फळीवर ठेवून जातो, ते कोणीही घ्यावं. आम्ही नऊ दिवसांत मीठ विकत घेतलं नाही. भांडी मात्र लगेच घासून ठेवायची, नाहीतर पाटी असते. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा भांडी घासली. वहिनींना फोटो पाठवला, तर त्यांनी उलट विचारलं, "हा कोण?"

गाडीच्या तिकिटाचं बँकवाल्याला फार अप्रूप वाटलं. स्टेशनवर फाटकच नाही. पास घ्यायचा, यंत्रात घालून शिक्का मारायचा, आणि सरळ गाडीत बसायचं. कोणी विचारत नाही. साध्या कपड्यातला तपासनीस कधीतरी येतो, आणि शिक्का नसेल तर साठ युरो दंड. भाऊ पहिल्या दिवशी दोनदा शिक्का मारून बसले, न जाणो म्हणून.

आता मुख्य गोष्ट.

सहाव्या दिवशी आम्ही ज्यासाठी गेलो होतो ते बघायला गेलो. इन्व्हालिडेनश्ट्रासेवरचं निसर्गविज्ञान संग्रहालय, सलीम अली शिकले ते. १८८९ मध्ये उघडलेली इमारत. तिची एक बाजू १९४५ च्या बाँबहल्ल्यात ढासळली होती. आत शिरताच तेरा मीटरहून उंच डायनोसॉरचा सांगाडा उभा. आम्ही मान वर करून बघत राहिलो. मास्तरांनी पाटी वाचून सांगितलं की हा १९३७ मध्ये उभा केला, म्हणजे सलीम अलींनी असा उभा पाहिलेला नसणार. एका दालनात काचेच्या बरण्यांत मद्यार्कात ठेवलेले मासे, साप, खेकडे, मजल्यावर मजले. त्याच सुमारास इरावती कर्वेही बर्लिनमध्ये मानववंशशास्त्र शिकत होत्या. या शहरात तेव्हा आपल्याकडची केवढी माणसं होती! पक्ष्यांच्या कपाटांत आम्ही सुगरण शोधली. आम्हाला काही सापडली नाही. भाऊ म्हणाले, "आपल्या कंपाउंडमधल्या ताडावर आहे ती, इथे कशाला असेल?"

सहाला संग्रहालय बंद झालं. भुयारी गाडीने वेडिंग स्टेशन, तिथून रिंगबान. ही रिंगबान म्हणजे शहराभोवती गोल फिरणारी लोकल. सदतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं, एक फेरी साठ मिनिटांत. घड्याळाच्या दिशेने जाते ती एस ४१, उलटी जाते ती एस ४२. १९६१ मध्ये भिंत बांधली तेव्हा ही रिंग तुटली होती, ती पूर्ण जोडायला २००२ उजाडलं. गाडीत गर्दी. आम्हाला तिघांना दाराशी जागा मिळाली, भाऊंना पलीकडे. आठवं स्टेशन आमचं. आम्ही उतरलो, दार बंद झालं, गाडी निघाली, आणि मी मोजले तर तीनच.

दिवसभर पाय दुखले होते म्हणून भाऊंना डोळा लागला होता. कानातलं यंत्र टोचतं म्हणून त्यांनी काढून खिशात ठेवलेलं. फोन होता, पण त्यात तिथलं सिम नव्हतं, तो फक्त हॉस्टेलच्या वायफायवर चालायचा. जेवण एक वाजता झालेलं. आणि त्यांची ग्लुकोजची बिस्किटं माझ्या सॅकमध्ये. ती पाठीवर मला दगडासारखी जड लागली. मला समोर ताईच दिसायला लागली.

आमचा एक नियम होता: जो चुकेल त्याने जिथे आहे तिथेच थांबायचं, बाकीचे शोधतील. मास्तर मागच्या गाडीने पुढच्या स्टेशनला, ट्रेप्टोवर पार्कला, गेले. मी हॉस्टेलच्या काउंटरवर फोन केला. वीस मिनिटांत त्या पोलंडच्या दोन्ही मुली फलाटावर हजर. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, काउंटरवर ऐकून आल्या. माझ्या फोनमधला भाऊंचा फोटो त्यांनी आपल्या फोनवर घेतला, एक मास्तरांच्या पुढच्या स्टेशनला गेली, दुसरी आमच्याबरोबर थांबली. मी पोलिसांकडे जाऊ म्हणत होतो. साहेब शांत. ते नकाशाकडे बघत म्हणाले, "अहो, हे सर्किट आहे. भाऊ उतरले नसतील तर साठ मिनिटांत इथेच येतील. उतरले असले तर पोलीस. साठ मिनिटं द्या."

माझ्या नोकरीत मी दोन दरोड्यांच्या अफवा आणि एक खरा अपहार बघितला आहे. त्या कशातही तासभर असा गेला नव्हता. दर पाच मिनिटांनी गाडी, दर गाडीला आम्ही डबे वाटून घेऊन आत डोकावायचो. बाहेर लख्ख ऊन, तिथे जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. लोक सायकली घेऊन चढत होते, उतरत होते, हसत होते.

बासष्टाव्या मिनिटाला गाडी आली, आणि चौथ्या डब्याच्या खिडकीत भाऊ. मांडीवर सॅक, ताठ बसलेले, यंत्र कानात. दार उघडल्यावर सावकाश उतरले आणि मलाच म्हणाले, "कुठे गेला होतात तुम्ही तिघं?" मी ओरडलोच त्यांच्यावर. तर म्हणतात, "ओरडतोस काय? नियम तूच केलास ना, जिथे आहे तिथे थांबायचं. मी जागचा हललोसुद्धा नाही." वाटेत जाग आली, तेव्हा घाबरले होते, हे त्यांनी रात्री कबूल केलं. शेजारच्या एका बाईने हातवारे करून विचारलं, मग पर्समधून केळं काढून दिलं. तिची भाषा यांना कळली नाही, यांची तिला नाही.

त्या रात्री ताईचा फोन आला. भाऊ म्हणाले, "आज म्युझियम बघितलं, मग गाडीने अख्ख्या शहराला फेरी मारली." शब्दन् शब्द खरा. फोन ठेवल्यावर आम्ही चौघांनी ठरवलं की हे किहीममध्ये कोणालाही सांगायचं नाही. कारण सांगितलं असतं तर पुढच्या वेळी आम्हाला चोंढीपर्यंतसुद्धा एकटं सोडलं नसतं.

पुढची वेळ आलीच नाही. आम्ही प्राग ठरवलं होतं, तिकिटं बघत होतो, आणि मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. २०२१ च्या एप्रिलमध्ये साहेब गेले. तेव्हा त्यांना भेटायलाही आम्हाला जाता आलं नाही. वहिनींनी नंतर त्यांची सॅक मला आणून दिली. बाजूच्या कप्प्यात रिंगबानचा नकाशा होता, त्यावर पेन्सिलीने सत्तावीस स्टेशनांना आकडे घातलेले.

ताई, जामीनदार म्हणून माझं चुकलं, हे मी सहा वर्षं तुझ्यापासून लपवलं. भाऊ म्हणत होते सांगू नकोस, आता कशाला. मीच म्हटलं की सोसायटीचे हिशोब मांडायचे तर हाही मांडू या. आता भाऊ ऐंशीचे आहेत आणि काल संध्याकाळी बनात मास्तरांना प्रागच्या ट्रामबद्दल विचारत होते.

भाऊ, मी काय सांगितलं ते ऐकलंत ना? यंत्र कानात आहे की खिशात?