भयपटातील भूत कोण?



कामगार चळवळीतल्या माणसाने भुताखेतांवर काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. पण जिथे ठरीव कामे ठरीव माणसांच्याच वाट्याला येतात, तिथे दोन शब्द बोलण्याचा आम्हांलाही अधिकार आहे.

भयपटाचा सरंजाम तुमच्या ओळखीचा आहे. ओसाड हवेली, शहरातून आलेले जोडपे, कंदील घेतलेला रखवालदार, केस मोकळे सोडलेली म्हातारी आणि रानातला मांत्रिक. ही यादी जरा निराळ्या नजरेने वाचा. हवेली मालकाची. धोक्याचा इशारा देऊन आधी मरतो तो नोकर. आणि भ्यायचे कोणाला? तर निराधार बाईला आणि रानातल्या माणसाला!

साचा असणे हा काही दोष नाही. साच्यामुळे प्रेक्षक अंदाज बांधतो आणि तो अंदाज चुकवण्यात दिग्दर्शकाचे कसब असते. कमाल अमरोही यांच्या १९४९ सालच्या ‘महल’मध्ये अशोककुमार जिला मृतात्मा समजून झुरतो, ती अखेर माळ्याची मुलगी निघते. मालकाच्या वाड्यात चाकराच्या मुलीला भूत झाल्यावाचून कोणी पाहत नाही, असा अर्थ मी त्यातून घेतो.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ साली आला. त्यात साखळदंडात ठेवलेली भयंकर म्हातारी आहे. साचा पुरा आहे, परंतु सोन्याच्या हावेपायीच ती त्या गतीला पोहोचली आहे. पुढे तीच हाव नायकाला गिळते. विशाल फुरिया यांच्या २०१७ सालच्या ‘लपाछपी’त गरोदर नायिका उसाच्या फडातल्या घरात येते. आपण भुतांना भीत असतो. पण मुलींचा जीव घेणारी असतात ती घरातली जिवंत माणसे.

आता हे मोखाड्यात का सांगायचे? कारण इथल्या मुलांच्या हाती मोबाइल आहे आणि त्यावर ती हेच चित्रपट पाहतात. आपल्या आदिवासी मुलखात एकट्या, म्हाताऱ्या बाईला ‘भुताळी’ ठरवून छळल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पाड्यात मूल दगावले की बोट तिच्याकडे जाते. दवाखाना दूर का, पोटाला अन्न का नाही, हे कोणी विचारीत नाही. पडद्यावरची म्हातारी आणि पाड्यावरची म्हातारी एकाच साच्यातून काढली जाते. पडद्यावरची खेळ संपल्यावर घरी जाते. पाड्यावरचीला घरच राहत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचा छळ करणे हा आज गुन्हा आहे. परंतु कायदा गुन्हा घडल्यावर धावतो. मनातला साचा त्याआधी आपणच मोडला पाहिजे.

म्हणून माझी विनंती इतकीच. भयपट अवश्य पाहा, खुशाल घाबरा. पण घरी जाताना मुलांना एक प्रश्न विचारा: या गोष्टीत भूत कोणाला केले आहे आणि त्यात फायदा कोणाचा झाला? हा प्रश्न विचारणारे मूल उद्या शेजारच्या म्हातारीवर दगड उचलणार नाही.