गोळी चालू, तरी घशाशी येतंच

आजचा भाग माझ्याच पोटाबद्दल आहे, तेव्हा जेवत असाल तर नंतर ऐका!

आपल्याकडे छातीत जळजळलं की नाव एकच, पित्त. मीही सहा वर्षं सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेत होतो. जळजळ थांबायची, पण रात्री आडवं झालं की पाणी घशाशी यायचंच. तीन उशा रचून, जवळजवळ बसून झोपायचो. गंमत म्हणजे गोळी तिचं काम नीट करत होती. ती ॲसिड कमी करते, वर येणं थांबवत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथलं स्नायूंचं कडं ढिलं पडलं की दार उघडंच राहतं.

ऑपरेशन या दाराचं असतं. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळून टाके घालतात. रुडॉल्फ निसेन या सर्जननं ही पद्धत १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. हो, आइनस्टाइनचं ऑपरेशन करणारे तेच निसेन. आता हे दुर्बिणीतून होतं.

मी तारीखच मागायला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, आधी तपासण्या. एंडोस्कोपी झालेली होती. मग नाकातून बारीक नळी घालून चोवीस तास ॲसिड मोजलं. त्यानंतर मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिका घास किती जोरानं खाली ढकलते ते बघणं. ही टाळू नका हं. ढकलायची ताकदच कमी असेल आणि वरून घट्ट गुंडाळलं, तर घास अडकणार. माझी ताकद जरा कमी निघाली, म्हणून पूर्ण ३६० ऐवजी २७० अंशांची गुंडाळी ठरली.

सही करण्याआधी त्यांनी आणखी सांगितलं. काही आठवडे गिळायला त्रास होईल, पोट फुगेल, ढेकर आणि उलटी सहज होणार नाही. आणि काही जणांना पुढे काही वर्षांनी गोळ्या परत सुरू कराव्या लागतात. हे ऐकून मी दोन महिने घरी बसलो, खरं सांगतो. ‘कायमचा इलाज’ एवढंच ऐकायचं होतं ना मला!

शेवटी केलं. सुरुवातीला पेज, वरणाचं पाणी, मग मऊ भात. भाकरी बऱ्याच उशिरा, तीही कुस्करून. सोडा बंद.

आता एका उशीवर झोपतो. ढेकर मात्र अर्धामुर्धाच येतो, त्यामुळे आजीला अजून वाटतं, तिचा स्वयंपाक मला आवडला नाही.