शेजाऱ्याला नकाशा आधी दाखवा



पत्रिकेत माझा विषय 'नागरिक आणि दिवाणी कायदा' असा छापला आहे. विषय मोठा आहे. पण आमच्या दिवाणी कोर्टात मोठे विषय शेवटी बांधावर आणि भिंतीवरच येऊन थांबतात. (हशा) तेव्हा आज मी एवढंच बोलणार आहे: बैठ्या बंगल्यावर मजला चढवायचं ठरलं की शेजारी हरकत का घेतो?

चटई क्षेत्र, सामासिक अंतरं, जोते तपासणी, भोगवटा पत्र हे सगळं आपल्याला ठाऊकच आहे. समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या कपाटात त्याच्या फायली असतील. ते सोडतो. उजेड-वाऱ्याच्या हक्काबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. सुविधाधिकाराचा कायदा १८८२ चा. आपल्या मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. त्याचं कलम १५ म्हणतं, इमारतीला मिळणारा उजेड-वारा वीस वर्षं शांतपणे, विनाखंड भोगला असेल, तर त्याचा हक्क होतो. हे कलम पक्षकार तोंडपाठ करून येतात आणि कलम ३३ घरी विसरतात. (हशा) तिथं नुकसान भरीव हवं, असं म्हटलंय. उजेड नुसता कमी झाला, एवढ्यावर भागत नाही. घराची किंमत तरी चांगलीच उतरायला हवी, नाहीतर राहणाऱ्याला खरोखर त्रास व्हायला हवा, किंवा त्याच्या धंद्यात बाधा यायला हवी. मोकळ्या अंगणावर येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क तर वहिवाटीने मिळतच नाही. आणि देखाव्याचं विचारूच नका. इंग्लंडात १६१० मध्ये ऑल्ड्रेडच्या खटल्यात शेजारच्या डुकरांच्या दुर्गंधीबद्दल दाद मिळाली. पण निव्वळ डोळ्यांच्या सुखासाठी दावा चालत नाही, हेही त्याच खटल्यात सांगितलं गेलं. तेव्हा तुमच्या गॅलरीतून दिसणारी टेकडी कायद्याने तुमची नाही. (मागून आवाज: "आता टेकडीच कुठे राहिलीय?" हशा)

एका दाव्यात मला कोर्ट कमिशनर नेमलं होतं. काम एवढंच, की जागेवर जायचं, मोजमाप घ्यायचं आणि अहवाल द्यायचा. वादी एक आजी, प्रतिवादी शेजारचे निवृत्त मास्तर. दाव्यात आजींच्या स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी. मी टेप काढली, तर आजी म्हणाल्या, "ते मोजमाप राहू द्या, आधी अंगणात चला." अंगणात कुरडया वाळत घातलेल्या. मग चिकासाठी गहू किती दिवस भिजवायचा, कोवळ्या उन्हात कुरडई घालून कडक उन्हात का वाळवायची, हे सगळं मला ऐकावं लागलं. पंचनाम्यात कुरडईला रकाना नसतो! (हशा) कुंपणापलीकडून मास्तर म्हणाले, "वहिनी, आमच्या नव्या गच्चीवर घाला की, ऊनच ऊन." त्यावर आजी एकदम गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "भावजी, हे आधी सांगितलं असतंत तर? मजला होणार हे मला विटांच्या ट्रकवाल्याने सांगितलं."

तो दावा उजेडाचा नव्हताच. पण अहवालात मी खिडकीची लांबी-रुंदीच लिहिली. कमिशनरला तेवढंच विचारलेलं असतं. तूर्तातूर्त मनाईचा अर्ज नामंजूर झाला, मजला उभा राहिला, दावा मात्र चालू राहिला. तारखा पडत गेल्या. पुढे आजींच्याच मुलाने एसी बसवायला ती पूर्वेची खिडकी विटांनी बुजवली. (मोठा हशा) नंतर त्यानेही मजला चढवायला घेतला. पहिली हरकत कुणाची आली असेल, ते तुम्हीच ओळखा. (टाळ्या)

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. पाच मिनिटं उरलीत. (हशा) खासगीपणावर अलाहाबाद हायकोर्टाने १८८८ मध्ये गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात दिलेला निकाल सांगायचा होता. तो पुढच्या वर्षी, बोलावलंत तर. पण कौटिल्य सोडवत नाही. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात, आठव्या अध्यायात, दोन घरांमध्ये अंतर किती असावं, खिडकी कुठे असावी, याचे नियम आहेत. आणि ते सांगून झाल्यावर तो म्हणतो, की घरमालकांनी एकमेकांच्या संमतीने हवं तसं बांधावं, फक्त अपाय होईल ते टाळावं. एवढा कडक माणूस, पण त्यानेही शेजाऱ्यांच्या बोलण्याला जागा ठेवली. आपल्या अर्जात वास्तुविशारदाची सही लागते, शेजाऱ्याला कळवल्याचा रकानाच नाही. मुलाच्या लग्नाची पत्रिका आपण शेजारी आधी नेऊन देतो. मजल्याचं मात्र गुपित ठेवतो.

(एक श्रोता: "नकाशा दाखवला, तर दुसऱ्याच दिवशी महापालिकेत तक्रार जाईल!")

जाऊ द्या. न दाखवताही जातेच. निदान तेव्हा काम कागदावर असतं. कागदावरची खिडकी खोडरबराने हलते, स्लॅब पडल्यावर ब्रेकर आणावा लागतो. आणि मी काही हरकतदारांचा वकील म्हणून बोलत नाही, तसंच बिल्डरांचाही नाही. आयुष्यभर दोघांकडून फी घेतली आहे. (हशा) नकाशा दाखवणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे. शेजाऱ्याला नकाराधिकार द्या, असं मी म्हणत नाही. हरकत मागे घ्यायला पैसे मागणारे महाभागही मी पाहिलेत. पण मंजूर नकाशा हातात आला म्हणजे शेजाऱ्याचा दिवाणी हक्क संपला, असंही नाही. महापालिका नियम तपासते, तुमच्या दोघांमधलं भांडण ती मिटवत नाही.

म्हणून एकच विनंती. तुमच्यापैकी ज्यांच्या घरावर यंदा मजला चढणार असेल, त्यांनी अर्ज दाखल करण्याआधी नकाशाची एक प्रत घ्यावी आणि शेजारी चहाला जावं. जिन्याची खिडकी कुणाच्या न्हाणीघरासमोर येते, पावसाचं पाणी कुणाच्या भिंतीवर पडतं, एसीचा गरम वारा कुणाच्या पलंगावर येतो, हे विचारावं. आणि ज्यांच्या शेजारी मजला चढणार आहे, त्यांनी वकिलाकडे येण्याआधी त्या घरी जाऊन नकाशा मागावा. आमचा धंदा थोडा बसेल. चालेल.